भाड्याच्या जहाजातली सरदारकी

घोडा, मेणा, मोटार यांवरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय जुनी आहे. अंतराळातल्या कथांमध्येही ती शिरली. ज्याचे जहाज मोठे, त्याचे खानदान मोठे. अमेरिकन लेखक फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्यून’ या कादंबरीने मात्र हा हिशेब मोडून टाकला.

‘ड्यून’मध्ये बादशहा आहे, उमराव घराणी आहेत, त्यांची सभाही आहे. ड्यूक लेटो आपला पाणीदार ग्रह सोडून अराकीस या वाळवंटी ग्रहाची जहागीर घेतो. त्याच्याकडे स्वतःची जहाजे आहेत, पण ताऱ्यांमधले अंतर ती कापू शकत नाहीत. ती मक्तेदारी गिल्ड या संघाची. ड्यूकचा सारा ताफा गिल्डच्या अवाढव्य जहाजाच्या पोटात एका कोपऱ्यात मावतो. शेजारी हाडवैरी हार्कोननची जहाजे असली तरी तिथे हात उचलायचा नाही. नाहीतर वाहतुकीची सवलत जाईल. जिथे सगळेच भाडेकरू, तिथे जहाजाचा रुबाब कुणाला दाखवायचा?

तरीही बरोबरीच्या घराण्यांत लेटोला मान आहे. तो त्याच्या वागण्याने मिळालेला आहे. वाळवंटात कामगार संकटात सापडतात, तेव्हा तो लाखमोलाचा मसाला टाकून आधी माणसे आपल्या छोट्या विमानांत कोंबतो. त्याच्याविषयी साशंक असलेला शास्त्रज्ञ काइन्सही हे पाहून हलतो. कादंबरीतल्या एकाही भव्य जहाजाने न मिळवलेली इज्जत ही पंख हलवणारी विमाने मिळवतात.

परंतु हाच मान लेटोच्या जिवावर उठतो. त्याची वाढती लोकप्रियता बादशहाला खुपते. हार्कोनन गिल्डला अफाट भाडे मोजून बादशाही सैनिक आपल्या सैन्याच्या वेशात आणतो. इतका खर्च कुणी करेल, असे ड्यूकच्या चतुर सल्लागारालाही वाटलेले नसते. आणि लेटोला मानणाऱ्या घराण्यांपैकी एकही मदतीला येत नाही. इथे कादंबरी थोडी कमी पडते. हे उमराव आपल्याला फक्त ऐकू येतात, दिसत नाहीत. त्यांची भीती, त्यांचा स्वार्थ एखाद्या प्रसंगातून समोर आला असता, तर लेटोचे एकटेपण अधिक बोचले असते.

लेटोचा मुलगा पॉल या अनुभवातून वेगळाच धडा घेतो. मसाल्यावाचून गिल्डच्या वाटाड्यांना वाट दिसत नाही, हे त्याने ओळखलेले असते. तो जहाज निवडत बसत नाही. मसाला नष्ट करण्याची धमकी देऊन साऱ्या जहाजांची किल्लीच हाती घेतो. ग्रहाभोवती ताफे घेऊन थांबलेली घराणी हतबल होतात.

बापाची इज्जत आणि मुलाची जरब यांतला हा फरक ‘ड्यून’चा गाभा आहे. १९६९ च्या ‘ड्यून मेसाया’मध्ये पॉल स्वतःच आपल्या नावावरचे ६१ अब्ज मृत्यू मोजतो. या संहाराला हर्बर्ट ‘जिहाद’ म्हणतात. या शब्दातला नफ्सशी झगडण्याचा अर्थ त्यांनी पार सोडून दिला, हे आपल्या वाचकाला खटकेल आणि खटकायलाच हवे. खरे तर लेटोने मसाला सोडून माणसे उचलली, तो क्षण या गाळलेल्या अर्थाच्या किती जवळ होता! तो धागा लेखकाने पुढे नेला नाही. तरीही माणसाची किंमत त्याच्या वाहनावर नाही, त्यात तो कुणाला जागा देतो यावर ठरते, हे या कादंबरीइतके ठसठशीत फार थोड्या विज्ञानकथा सांगतात.