‘रणांगण’ : वंश, सत्ता आणि किनारा

वसाहतकालीन समाजातील आंतरवंशीय संबंधांचा इतिहास पाहू लागता एक सत्ताक्रम वारंवार आढळतो : पुरुष युरोपीय, स्त्री एतद्देशीय. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर पोर्तुगीज सैनिकांच्या स्थानिक स्त्रियांशी झालेल्या विवाहांना उत्तेजन दिले, ते वसाहत स्थिरावण्यासाठी. पेशवे दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याला अंबर कौर या स्त्रीपासून मुले झाली. भारत सोडल्यानंतर १७९९ मध्ये त्याने विवाह केला तो मात्र सुझाना वेल्स हिच्याशी. तत्पूर्वी, १७९१ मध्ये, कंपनीने हिंदी मातांच्या मुलांना आपल्या नोकरीची प्रमुख दारे बंद केली होती. संबंधाची किंमत स्त्री आणि संतती यांच्याकडून वसूल होत होती.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने (१९३९) हा क्रम उलटा केला. येथे पुरुष पारतंत्र्यातील हिंदी आहे आणि स्त्री युरोपीय. पण हॅर्टा जर्मन ज्यू आहे. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावले, ‘जर्मन रक्ता’च्या व्यक्तींशी त्यांचे विवाह निषिद्ध ठरवले. तेव्हा तिच्या गौरवर्णामागे कोणतीही सत्ता उभी नाही. बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा समान पातळीवर येतात, ते दोघेही आपापल्या परीने सत्ताहीन असल्यामुळे.

या प्रेमाची शोकांतिका चक्रधराच्या कडवट, अश्रद्ध मनोवृत्तीतून उलगडण्याकडे समीक्षेचा कल असतो. ते विवेचन चुकीचे नाही, अपुरे आहे. बोट मुंबईला लागते तेव्हा समानता संपते. साम्राज्याचा प्रजाजन असला तरी चक्रधराला उतरायला किनारा आहे; हॅर्टाला पुढे जावे लागते आणि तिच्या प्रवासाचा शेवट मृत्यूत होतो. वर्णाचा क्रम बदलला, किंमत मोजणारी व्यक्ती बदलली नाही.

निवेदनाची रचनाही याची साक्ष देते. कथा चक्रधर सांगतो; हॅर्टाचा स्वतःचा स्वर तिच्या पत्रांतून पोहोचतो, तोही उत्तर देण्याची वेळ निघून गेल्यावर. म्हणून ‘वंशभेदापलीकडचे प्रेम’ एवढ्या मानवतावादी गौरवावर या कादंबरीचे वाचन थांबू नये. प्रेम वंशभेद ओलांडते, हे ती दाखवतेच. परंतु ओलांडल्यानंतर जमिनीवर पाय ठेवण्याचा अधिकार कोणाला, हा तिचा अधिक कठोर प्रश्न आहे.