राख, बंब आणि ‘व्होल्केनो’

मंडळी, मिक जॅक्सनचा १९९७ सालचा ‘व्होल्केनो’ हा थोर चित्रपट आहे असं काही आम्ही म्हणणार नाही. लॉस एंजेलिसमध्ये, ला ब्रेआच्या डांबरकुंडांतून ज्वालामुखी फुटतो आणि विल्शायर बुलेव्हार्डवरून लाव्हा वाहू लागतो. भूशास्त्राच्या नावानं बोंबच आहे. सॅन अँड्रियास भ्रंशावर दोन भूपट्ट एकमेकांना घासून सरकतात. त्यातून भूकंप होतात, भर शहरात ज्वालामुखी नाही. डांबर वर येतं ते खालच्या खनिज तेलामुळे. खरा धोका आहे तो वायूचा. त्याच भागात १९८५ साली मिथेन साठून एका कपड्यांच्या दुकानात स्फोट झाला, आणि पुढे तिथून भुयारी रेल्वे नेण्यावर बंदी आली. चित्रपटातला लाव्हा मात्र भुयारी रेल्वेच्या बोगद्यातूनच पळतो! असो, त्यावरून आम्ही भांडणार नाही.

पाण्याचा मारा करून लाव्हा थिजवणं, हेही वाटतं तितकं हवेतलं नाही. १९७३ साली आइसलंडच्या हेमाये बेटावर बंदर वाचवायला समुद्राचं पाणी मारलं होतं. तिथं महिने लागले, टॉमी ली जोन्सचा आपत्ती-अधिकारी काही तासांत उरकतो, एवढाच फरक.

आमचं लक्ष अडतं ते दुसरीकडे. एक कृष्णवर्णीय तरुण विचारतो, की सगळे बंब इकडेच, मग आमच्या वस्तीचं काय? पोलीस त्याला बेड्या घालतो. आता हे आठवा, की रॉडनी किंगला मारहाण करणारे पोलीस सुटले आणि शहर पेटलं ते एप्रिल १९९२ मध्ये. पन्नासहून जास्त माणसं मेली. बरोब्बर पाच वर्षांनी, एप्रिलमध्येच, हा चित्रपट आला. तेव्हा त्या प्रेक्षकाला हा प्रश्न नवा नव्हता. आपत्तीत पाणी कुणाकडे आधी जाणार, हे कोण ठरवतं? अख्ख्या चित्रपटात याच्याइतकं खरं दुसरं काही नाही.

पण उत्तर काय देतात बघा. बेड्या निघतात, तोच तरुण काँक्रीटचा अडथळा ढकलायला खांदा लावतो, आणि मग कुठे त्याच्या वस्तीची दखल घेतली जाते. म्हणजे हक्काचं पाणी, तेही आधी लायकी सिद्ध करून मिळवायचं! शेवटी सगळ्यांचे चेहरे राखेनं माखलेले, आणि एक लहान मुलगा म्हणतो, हे सगळे सारखेच दिसतात. काहींना हे भाबडं वाटतं, काहींना सुंदर. आम्हाला ते सोयीचं वाटतं. राखेखाली सारखे दिसले, ते ठीक; पण राख धुतल्यावर पहिला बंब कुठल्या रस्त्याला लागला, हे दाखवायला कॅमेरा थांबतच नाही.