तालिकानोंदीचे यांत्रिक व्याकरण

ग्रंथालयाची तालिका म्हणजे ग्रंथांची निव्वळ यादी नव्हे. प्रत्येक ग्रंथाविषयी ठराविक क्रमाने केलेल्या विधानांची ती एक रचना होय. ही विधाने यंत्रास वाचता यावीत म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम ह्यांच्या नेतृत्वाखाली १९६६ पासून जो साचा सिद्ध होत गेला तो ‘मार्क’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. १९६९ पासून त्या साच्यातील नोंदी चुंबकीय फितींवर इतर ग्रंथालयांना मिळू लागल्या आणि १९९९ पासून तो ‘मार्क २१’ ह्या रूपात रूढ आहे. अशा नोंदी एकेक करून न भरता पर्ल ह्या संगणकभाषेतील ‘मार्क-रेकॉर्ड’ नावाच्या मॉड्यूलकडून घडवून घेण्याची पद्धती जुनी आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि भारतातील अनेक ग्रंथालयांनी स्वीकारलेली ‘कोहा’ ही प्रणाली ह्याच मॉड्यूलच्या आधारे चालते. तेव्हा मराठी ग्रंथाच्या नोंदीला हे मॉड्यूल कितपत न्याय देते हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता राहत नाही.

मार्क नोंदीच्या आरंभी २४ स्थानांचा ‘लीडर’ असतो. त्यानंतर ‘डिरेक्टरी’ येते. तीत प्रत्येक क्षेत्रासाठी १२ स्थाने राखलेली असतात. पैकी ३ क्षेत्राच्या क्रमांकाची, ४ लांबीची आणि ५ आरंभस्थानाची. एक अक्षर वाढले की पुढील सर्व आरंभस्थाने बदलतात. हा हिशेब माणसाने करू नये हे उघड आहे, आणि मॉड्यूल तो बिनचूक करते. लिहिणाऱ्याने इतकेच सांगावयाचे की २४५ क्रमांकाचे क्षेत्र हवे, त्याचे दोन निर्देशक अमुक, ‘ए’ उपक्षेत्रात ग्रंथनाम, ‘सी’ उपक्षेत्रात कर्त्याचा उल्लेख. उपक्षेत्रांची ही चिन्हे कार्य दर्शवितात आणि वाचकापुढे येताना लोप पावतात. पाणिनीच्या इत्संज्ञक वर्णांची आठवण येथे व्हावी.

पर्लचे निर्माते लॅरी वॉल हे भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेले, आणि त्याचा ठसा त्यांच्या १९८७ च्या भाषेवर स्पष्ट आहे. ह्या भाषेत एकच पृच्छा एकवचनी संदर्भात एक उत्तर देते, अनेकवचनी संदर्भात दुसरे. ६५० हे विषयाचे क्षेत्र एकवचनी संदर्भात मागितल्यास मॉड्यूल पहिलाच विषय देते. ग्रंथाला पाच विषय असले तरी उरलेले चार निमूटपणे गळतात. भाषाभ्यासकास हे मनोरंजक वाटेल, तालिकाकाराला मात्र महागात पडेल.

खरी अडचण ‘लांबी’ ह्या साध्या शब्दापासून सुरू होते. ‘ज्ञानेश्वरी’ ह्या नावाची लांबी किती? मराठी वाचक चार अक्षरे मोजील. युनिकोडच्या हिशेबाने व्यंजने, हलन्तचिन्हे आणि स्वरचिन्हे मिळून ती ११ होतात, आणि यूटीएफ-८ ह्या संकेतनात प्रत्येकास तीन बाइट लागत असल्यामुळे ३३ भरतात. डिरेक्टरीला हवी असते ती ही तेहतिसाची मोजणी. ३३ च्या जागी ११ नोंदले गेले तर पुढील प्रत्येक क्षेत्र चुकीच्या ठिकाणी तुटते. मॉड्यूलच्या हल्लीच्या आवृत्त्या ही मोजणी सांभाळतात. पण नोंद युनिकोडमध्ये आहे हे लीडरच्या नवव्या स्थानी सांगण्याचे काम लिहिणाऱ्यावरच सोपविलेले आहे. ते राहून गेल्यास नोंद ‘मार्क-८’ ह्या जुन्या संकेतनातील समजली जाते. त्या संकेतनात ग्रीक, सिरिलिक, अरबी, हिब्रू आणि चिनी-जपानी-कोरियन लिप्यांना स्थान आहे, देवनागरीला नाही.

ह्या अभावाचा इतिहास मराठी ग्रंथांनी भोगला आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ मध्ये सुरू झाले आणि त्याच्याद्वारा मराठी पुस्तके अमेरिकी ग्रंथालयांत पोहोचू लागली. यंत्रवाच्य नोंदीत मात्र ती दीर्घकाळ रोमन लिप्यंतरानेच नांदली. त्या लिप्यंतरात ‘इतिहास’ ह्या शब्दाचा अंत्य ‘अ’, जो मराठी माणूस उच्चारीत नाही, तोही लिहिला जातो. म्हणजे शोधणाऱ्याला स्वतःचा उच्चार विसरून लिपीचे वर्ण रोमनमध्ये मोजून काढावे लागतात. पुढे ८८० ह्या क्षेत्रात मूळ लिपीतील रूप देऊन ते ‘६’ ह्या उपक्षेत्राने रोमन रूपाशी जोडण्याची सोय झाली. ही जोडी खरोखर जुळली आहे की नाही हे मॉड्यूल पाहत नाही. एका बाजूस एक ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूस दुसराच, असेही त्यास चालते.

मॉड्यूलसोबतच्या पाठात नवी नोंद घडविण्यासाठी जे उदाहरण घेतले आहे ते रॉबर्ट लोगन ह्यांच्या ‘दि अल्फाबेट इफेक्ट’ ह्या ग्रंथाचे. वर्णमालेने पाश्चात्त्य संस्कृती कशी घडविली हे सांगणारा ग्रंथ ह्या कामी यावा हा योगायोग गमतीचा आहे. त्यात २४५ चा दुसरा निर्देशक ४ आहे, कारण इंग्रजीतील उपपद आणि त्यापुढील मोकळी जागा मिळून चार स्थाने वर्णक्रमात वगळावयाची असतात. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून येथे नेहमी शून्यच हवे. नमुना जसाच्या तसा उचलला गेला तर ‘ज्ञानेश्वरी’तील पहिली चार चिन्हे वगळली जाऊन ती ‘नेश्वरी’ म्हणून ‘न’मध्ये जाऊन बसेल. उलट ‘श्री’ने आरंभ होणाऱ्या असंख्य ग्रंथनामांत तो शब्द उपपदासारखाच निरर्थ झालेला असतो, परंतु तो उपपद नसल्यामुळे नियम तो वगळू देत नाही, आणि ‘श’च्या खणात गर्दी होते.

सर्वांत गंभीर प्रश्न व्यक्तिनामांचा आहे. १०० ह्या क्षेत्राचा पहिला निर्देशक ० असेल तर नाव व्यक्तिनामाने सुरू होते, १ असेल तर आडनावाने. हजार नावांच्या यादीवर एकच सूचना चालविणारा लेखक सहसा शेवटचा शब्द आडनाव मानून पुढे आणतो. ‘विष्णु सखाराम खांडेकर’ ह्या नावास त्याने काही बाध येत नाही. ‘साने गुरुजी’ मात्र ‘गुरुजी, साने’ होतात. ‘संत तुकाराम’ ह्यांचे ‘तुकाराम, संत’ झालेले डोळ्यांस खटकतही नाही, पण आतील रचनेने तुकाराम हे आडनाव ठरविलेले असते. संत बहिणाबाई आणि बहिणाबाई चौधरी ह्यांना दोन भिन्न निर्देशक हवेत, हे कोणत्या सूत्राने कळावे? गडकऱ्यांची नाटके गडकऱ्यांच्या नावावर आणि कविता ‘गोविंदाग्रज’ ह्या नावावर. ह्या दोन नावांची सांगड तर नोंदीच्या बाहेरच घालावी लागते. नोंदी तपासण्यासाठी ‘लिंट’ नावाचे जोडमॉड्यूल आहे, परंतु ० आणि १ हे दोन्ही निर्देशक नियमास मान्य असल्याने तेही येथे गप्प राहते. वाक्य व्याकरणशुद्ध असून असत्य असू शकते, तसलाच हा प्रकार.

ह्यासाठी मॉड्यूलला दोष देणे उचित होणार नाही. अर्थाच्या बाबतीत त्याने मौन पाळले हा त्याचा गुणच आहे. आक्षेप आहे तो त्याच्या पाठावर. इंग्रजी ग्रंथाच्या एकाच नमुन्यावर निर्देशक म्हणजे जणू लेखनाची सवय असे तो शिकवितो. वस्तुतः प्रत्येक निर्देशक हा भाषिक निर्णय असतो. मराठी संग्रहासाठी सूचना लिहिण्यापूर्वी नावांची वेगळी अधिकृत सूची तयार हवी: मुखपृष्ठावरील रूप, ठरविलेले रूप आणि त्याचा निर्देशक. सूचनेने ती सूची वाचावी, आणि सूचीत न सापडणाऱ्या नावाची नोंद न घडविता ते तालिकाकाराच्या टेबलावर बाजूस काढून ठेवावे.