नित्यवाचनाची मराठी

आपल्या घराण्यांतून हरिपाठ, दासबोध किंवा गुरुचरित्र यांचे नित्यवाचन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही रोज बायबलमधील उतारा वाचून त्यावर मनन करण्याची रीत आहे. साहित्याच्या अंगाने मात्र आपण तिच्याकडे क्वचितच पाहिले. नित्यवाचनाचा ग्रंथ केवळ विद्वानांस पटून भागत नाही. चुलीपाशी बसलेल्या बाईला तो कोणाच्या मदतीवाचून उमगावा लागतो.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) ही कसोटी फार कठोरपणे मानली. मराठीत बायबल आधीच होते. श्रीरामपूरचा नवा करार १८११ चा. तरी केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळावरून संपूर्ण बायबल नव्याने मराठीत आणले. रूढ भाषांतरातील संस्कृतप्रचुर, वेदान्ताचे संस्कार घेऊन आलेले शब्द त्यांना खटकत. ज्या बाईला भागवत मुखोद्गत होते, जी आईवडिलांबरोबर पुराणे सांगत देशभर पायी हिंडली होती, तिने संस्कृत बाजूला ठेवावे, हे अज्ञानातून घडलेले नाही. अर्थ न कळता घडणारे श्रवण तिने लहानपणापासून पाहिले होते. रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ साली, हे बायबल प्रसिद्ध झाले. खिळे जुळवण्याचे कामही मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले.

तथापि एक उणीव नोंदवणे भाग आहे. या गद्यात अर्थ थेट पोचतो, पण ओळ जिभेवर रेंगाळत नाही. मुळाशी इमान राखताना मराठी वाक्याची लय पुष्कळ ठिकाणी आखडली आहे. सकाळी वाचलेले दिवसभर मनात घोळायचे, तर लय हवीच. बालाघाटात शाळा आणि कचेरी हिंदीची. मुलांच्या कानी लिखित मराठी पडते ती बहुधा घरातील अशा वाचनातूनच. म्हणून ही उणीव आपल्याला अधिक जाणवावी.

ती भरून निघाली रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांत. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना (आपल्या गोंदियावरून जाणारी तीच रेल्वे!) एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. त्यामुळे ‘अभंगांजली’त मनन वाचनापासून वेगळे उरत नाही, वारकऱ्याच्या कानाला ते परके वाटत नाही. रमाबाईंचा उतारा वाचावा आणि मागोमाग टिळकांचा अभंग म्हणावा, असा क्रम मला सर्वांत फलदायी वाटतो.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरी न चढलेल्या आणि अक्षरे पतीकडून शिकलेल्या. रमाबाईंनी ज्या वाचकासाठी एवढा खटाटोप केला, तो वाचक नेमका असाच होता.