नियतकालिकांच्या नोंदी आणि त्यांचे शुद्धीकरण

सूचिकार्य हे वाङ्मयसेवेचेच एक अंग होय, हे शंकर गणेश दाते यांच्या १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथसूचीने आपणांस पटवून दिले. तथापि विद्यापीठीय ग्रंथालयांत आज इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांच्या नोंदींचे जे शुद्धीकरण चालते, त्याकडे वाङ्मयाचे अभ्यासक क्वचितच लक्ष देतात. हे काम यंत्राचे आणि कारकुनीचे, अशी त्यांची समजूत दिसते. ती तपासून पाहण्याजोगी आहे.

छापील अंक कपाटात असत. म्हणून नोंद चुकली तरी कपाट खरे बोले. इलेक्ट्रॉनिक अंकाला कपाट नाही. नोंद हीच त्याची वाट. एकच नियतकालिक दोन-तीन पुरवठादारांकडून येते. प्रत्येकाकडील वर्षे निराळी असतात. करार संपतो, नोंद मात्र उरते. परिणामी एकाच नियतकालिकाच्या अनेक नोंदी, तुटलेले दुवे आणि खोटी वर्षे साचत जातात. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आपल्या सरकारी शिक्षणसंस्थांना खुली झाली. अशा वेळी नोंद खरी असण्याचे महत्त्व वाढले आहे, हे उघड आहे.

शुद्धीकरणाचा पहिला आधार म्हणजे आयएसएसएन हा आठ स्थानांचा क्रमांक. त्यातील शेवटचे स्थान पहिल्या सात अंकांवरून गणिताने ठरते. म्हणून लेखनदोष तत्काळ पकडला जातो. परंतु बिनचूक क्रमांक भलत्याच नियतकालिकाला चिकटला, तर गणित मुके राहते. तेथे माणसाने अंक उघडूनच पाहिला पाहिजे.

याहून गंभीर धोका अतिशुद्धीचा आहे. सचिन चौधुरी यांनी १९४९ साली मुंबईत 'इकॉनॉमिक वीकली' सुरू केले. १९६६ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' हे नव्या नावाने व समीक्षा ट्रस्टच्या व्यवस्थेखाली निघाले. नीटनेटकेपणाच्या हौसेने दोन्ही नोंदी एक केल्या, तर १९५८ सालचा लेख तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या साप्ताहिकाच्या नावावर जाईल. नावातील बदल हा इतिहास आहे. तो मळ नव्हे. म्हणूनच मार्क पद्धतीत पूर्वनामासाठी ७८० आणि उत्तरनामासाठी ७८५ ही स्वतंत्र क्षेत्रे ठेवली आहेत. नोंदी वेगळ्या राखून त्या परस्परांशी जोडणे, हाच योग्य मार्ग होय.

मराठी नियतकालिकांची अडचण आणखी निराळी आहे. १८६७ साली निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'चे नाव रोमन लिपीत घालताना 'ज्ञ' कोणी 'ज्' आणि 'ञ' यांच्या जोडाने लिहील, कोणी मराठी उच्चाराप्रमाणे 'द्न्य', तर कोणी हिंदी वळणाने 'ग्य'. यंत्राच्या दृष्टीने ही तीन नियतकालिके! मूळ लिपीतील नावासाठी ८८० हे क्षेत्र उपलब्ध असताना ते रिकामे सोडणे म्हणजे वाचकाला त्याच्याच भाषेच्या दारात परके ठरविणे होय. तीच गोष्ट जोडअंकांची. दोन महिन्यांचा एक अंक निघाला, तर आपल्या प्रथेशी अपरिचित असलेला तपासनीस तेथे अंक गहाळ असल्याची नोंद करील.

सारांश, शुद्धीकरणाचे मोल किती नोंदी काढून टाकल्या यावर ठरविता येणार नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितलेले सूत्र आहे. परंतु खोट्या नोंदीने वेळेपेक्षाही मोठी हानी होते. 'सापडत नाही' याचा अर्थ विद्यार्थी 'नव्हतेच' असा करतो, आणि लेखक वाङ्मयेतिहासातून निसटतो.

यासाठी बृहन्महाराष्ट्रातील संस्थांनी आपापल्या पत्रिकांची नामांतरे, खंडित वर्षे आणि जोडअंक यांची टिपणे स्वतःच तयार करून ग्रंथालयांच्या हाती द्यावीत. अध्यापकांनीही तुटलेला दुवा दिसताच ग्रंथपालास कळवावे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी ग्रंथालयव्यवस्थेसाठी विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बडोद्यास पाचारण केले होते. हे टिपण करण्यास मात्र बाहेरचा कोणी येणार नाही. आपल्या पत्रिकांची हकीकत आपणांसच ठाऊक आहे.