पुस्तकातली लाट

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सबमिशनच्या आदल्या रात्री, फाईल पूर्ण करायची सोडून मी मोबाइलवर जॅक लंडनचा ‘अ रॉयल स्पोर्ट’ वाचत बसले होते. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट होता आणि छोटा होता, एवढंच कारण. १९०७ मध्ये लंडन स्वतःची ‘स्नार्क’ ही बोट घेऊन हवाईला गेला, वायकीकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकला, उन्हात अंग भाजून घेतलं आणि अंथरुणात पडल्यापडल्या त्यावर लिहिलं. पुढे हा लेख ‘द क्रूझ ऑफ द स्नार्क’ (१९११) या पुस्तकात आला.

मला त्यातलं लाटेचं वर्णन आवडलं. लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा पाणी येत नाही, पाण्यातली खळबळ तेवढी पुढे सरकते. तळ उथळ झाला की लाटेचा खालचा भाग घासून मंदावतो, वरचा भाग तसाच पुढे जायला बघतो आणि कोसळतो. बोर्डवरचा माणूस लाटेच्या उतारावरून घसरत असतो, पण तळाशी पोचत नाही, कारण उतारच पुढे पळतोय आणि त्याच्याखाली सतत नवं पाणी वर येतंय. बारावीत वेव्ह मोशनला मला चांगले मार्क होते, पण हे चित्र डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभं राहिलं. लाट आपल्याला समजली, असं मी त्या रात्री ठरवून टाकलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी गोव्यात आश्वेला चार दिवस शिकायला गेले. शिकवणारा दादा मूळचा मुलकीचा. त्यानं आधी वाळूत बोर्ड ठेवून वीस-पंचवीस वेळा झोपायला आणि उठायला लावलं. पाण्यात गेल्यावर मी लंडनचा परिच्छेद आठवत होते आणि प्रत्येक लाटेला पडत होते. “नीचे मत देखो, किनारा देखो!” तो ओरडायचा. मी मात्र पायांकडे बघून सगळं बरोबर चाललंय का ते तपासत होते. डॉक्युमेंटेशन वाचून थेट प्रॉडक्शनला हात घालणाऱ्याची जी गत होते, तीच. तिसऱ्या दिवशी, आधीच फुटलेल्या लाटेच्या फेसावर, तीन-चार सेकंद उभी राहिले. कशी, ते आजही सांगता येत नाही.

परत आल्यावर लंडन पुन्हा वाचला आणि चिडले. त्याचं फिजिक्स चुकीचं नाही. खटकतं ते शिकणं इतकं झटपट उरकणं. थोडा मार खाल्ला, एका जाणकारानं युक्ती सांगितली, जमलं, संपलं. त्याच्याआधी मार्क ट्वेननं ‘रफिंग इट’मध्ये (१८७२) आपला फसलेला प्रयत्न चार वाक्यांत निकालात काढला होता: हे इथल्या लोकांनाच जमतं. लंडन त्याला खोडून काढायला निघालाय, तरी दोघांची नजर एकच आहे. हवाईचा माणूस दोघांनाही देखावा म्हणून हवा. लंडन तर त्याला लाटेवर उभा असलेला तपकिरी मर्क्युरीच करून टाकतो. या देवाला नाव नाही, घर नाही, पोटापाण्याचा उद्योग नाही. लंडनला बोर्ड हाताळायला शिकवणारा अमेरिकन पाहुणा, अलेक्झांडर ह्यूम फोर्ड, मात्र नावासकट हजर आहे. राणी लिलिउओकलानीची सत्ता १८९३ मध्ये उलथवली गेली, १८९८ मध्ये अमेरिकेनं ती बेटं ताब्यात घेतली, आणि त्यानंतर नऊ वर्षांनी लंडन या खेळाला ‘रॉयल’ म्हणतोय.

विल्यम फिनेगनचं ‘बार्बेरियन डेज’ (२०१५, पुढच्या वर्षी पुलित्झर) या रागातच उघडलं. त्यात १९६६ साली तेरा वर्षांचा एक गोरा मुलगा होनोलुलूला राहायला येतो आणि शाळेत मार खातो. तिथं उपरा तो आहे. त्याच्याबरोबर सर्फ करणाऱ्या हवाईयन मुलांना नावं आहेत, घरं आहेत, भाऊ आहेत. लंडनच्या मर्क्युरीच्या जागी इथं माणसं दिसली.

चारशेहून जास्त पानं आहेत आणि दीडशेच्या आसपास मला कंटाळा आला. पुन्हा भरती, पुन्हा वाऱ्याची दिशा, खडक कुठं आहे, कुठं बसून वाट बघायची. मग लक्षात आलं की यालाच तो शिकणं म्हणतोय. लाट समजत नाही, एका जागची लाट समजते, आणि तीही वर्षानुवर्षं तिथं गेल्यावर. जुना कोडबेस सांभाळलेल्या कुणालाही हे पटेल. त्यातला नेमका कुठला भाग रात्री दोनला कोसळतो, ते कुठं लिहिलेलं नसतं.

याहून जास्त मला भिडलं ते त्याचं लपवणं. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावर लिहिणारा, ‘न्यू यॉर्कर’चा पत्रकार, आपण सर्फर आहोत हे छापून आलं तर गंभीर लोक आपल्याला हसतील म्हणून घाबरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचवरचा त्याचा लेख बरीच वर्षं रखडून १९९२ मध्ये आला. ऑफिसमध्ये मी मराठीत लिहिते हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ती पानं मी लोकलमध्ये दोनदा वाचली. फिजीतल्या तावारुआ बेटावर १९७८ मध्ये तो आणि त्याचा मित्र तंबू ठोकून राहतात आणि ती लाट कुणालाच सांगायची नाही असं ठरवतात. पुढे तिथं रिसॉर्ट येतं. सर्फरनं जागा लपवायची, लेखकानं सांगायची, आणि तो दोन्ही आहे. ही ओढाताण त्यानं कुठंही सोपी करून टाकलेली नाही.

पुस्तक निर्दोष नाही. त्याच्या प्रेयसी पानांवर येतात आणि विरून जातात; एखाद्या रीफची जेवढी बारीक ओळख होते तेवढी त्यांची होत नाही. हे त्यालाही कळत असावं, अधूनमधून तो स्वतःला टोचतो. पण टोचून घेतलं म्हणून ती पानं भरत नाहीत.

गेल्या दिवाळीत त्यातलं एक पान मराठीत करायला घेतलं आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले. इंग्रजीत लाटेला चेहरा असतो, कोसळणाऱ्या कडेला ओठ म्हणतात, बाजूच्या अजून न फुटलेल्या भागाला खांदा. मराठीत लिहिलं की ती लाट न वाटता कुणीतरी आजारी माणूस वाटतो. आपल्याकडे उधाणाची भरती आहे, भांगाची भरती आहे, हे शब्द त्यांच्याकडच्या कुठल्याही शब्दाला हार जाणार नाहीत. पण ते भरतीचे आहेत, फुटणाऱ्या लाटेचे नाहीत. रापण ओढणाऱ्यांकडे असतील. मे महिन्यात मालवणला जायचं आहे, तेव्हा विचारेन. तोवर ते पान दोन वाक्यांवर थांबलंय.