न्यूपोर्ट ते ग्रेलॉक : पाहावे काय आणि पाहावे कसे?

मुंबईहून किंवा इस्राएलहून पाहुणे आले की त्यांना अमेरिकेत काय दाखवावे, हा प्रश्न इथल्या आपल्या बहुतेक कुटुंबांपुढे असतो. न्यूयॉर्कचे मनोरे झाले, नायगरा झाला, पुढे काय? आम्ही न्यू इंग्लंडचे नाव घेतो. समुद्रकाठचे न्यूपोर्ट आणि पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील बर्कशायरच्या टेकड्या, ह्या दोहोंमध्ये मोटारीने तीनएक तासांचे अंतर आहे. तीन दिवसांत सर्व निवांत पाहून होते.

परंतु प्रवासाच्या पुस्तिकांत प्रत्येक स्थळ 'अवश्य पाहावे' असेच असते, म्हणून थोडी पारख करणे बरे. आमचा जन्म नर्सच्या कामात गेला. रुग्णाच्या खोलीत शिरल्यावर पलंगाची नक्षी न पाहता चादर पाहण्याची आम्हांला सवय. म्युझियमही आम्ही तसेच पाहतो. इथे माणसे कशी राहत होती, राबत कोण होते, आणि शेवटी ती गेली कुठे, एवढे कळले तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणावे.

ह्या कसोटीला न्यूपोर्टच्या श्रीमंती हवेल्या कमी पडतात. १८९५ साली पुरी झालेली 'द ब्रेकर्स' ही व्हँडरबिल्ट कुटुंबाची सत्तर खोल्यांची हवेली केवळ उन्हाळ्यात राहण्यासाठी होती, आणि असल्या घरांना ते लोक 'कॉटेज' म्हणत! संगमरवर आणि सोन्याचा मुलामा पाहून डोळे दिपतात, पण थोड्याच वेळात थकतात. नोकरांचे जीवन पाहावयाचे तर 'द एल्म्स' ह्या दुसऱ्या हवेलीतील स्वतंत्र फेरी घ्यावी. तिथे जिने, भट्ट्या आणि माळ्यावरच्या खोल्या पाहताना घर चालत कसे होते ते समजते. आमच्या मते हीच फेरी आधी घ्यावी.

आपल्या लोकांनी न्यूपोर्टला जावे ते टूरो सिनेगॉगसाठी. डिसेंबर १७६३ मध्ये तिचे उद्घाटन झाले. अमेरिकेत आज उभ्या असलेल्या सिनेगॉगच्या इमारतींत ही सर्वांत जुनी. आपल्या मुंबईच्या जुन्या मशिदीहून, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली स्थापन केलेल्या शाआर हारहमीमहून, ती तेहतीस वर्षांनी मोठी. आत पाऊल टाकताच आपल्या माणसाला ओळख पटते. मधोमध तेबा, पूर्वेला हेखाल, आणि वर बायकांची गॅलरी. ती गॅलरी इस्राएलच्या बारा वंशांच्या खुणेचे बारा खांब तोलतात. हेखाल यरुशलेमकडे यावा म्हणून इमारत रस्त्याला तिरपी बांधली आहे. पीटर हॅरिसन हा तिचा शिल्पकार यहुदी नव्हता, तरी काम मनापासून झाले आहे.

१७९० साली जॉर्ज वॉशिंग्टनने इथल्या जमातीला लिहिलेल्या पत्राचा इथे मोठा गौरव होतो, आणि तो रास्तच आहे. ह्या देशात धर्मद्वेषाला सरकारचा आश्रय मिळणार नाही, असे आश्वासन त्या पत्रात आहे. मात्र हे शब्द आधी जमातीच्या वतीने मोझेस सेइशस ह्यांनी लिहिलेल्या मानपत्रातच होते, हे पाहुण्यांना अवश्य सांगावे. मागणाऱ्याने नीट मागितले म्हणून देणाऱ्याने नीट दिले.

ह्या गौरवाला दुसरी बाजूही आहे. सिनेगॉग उभारणाऱ्यांतील बडे व्यापारी आरोन लोपेझ ह्यांनी गुलामांच्या व्यापारातही पैसा घातला होता. शहरात आफ्रिकी लोकांचे 'गॉड्स लिटल एकर' नावाचे जुने कबरस्तान आहे. सिनेगॉग पाहून तिथे न जाता परतणे म्हणजे अर्धेच न्यूपोर्ट पाहणे होय. दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहावीत, आणि मुलांना बरोबर न्यावे.

तथापि आम्हांला सर्वांत विचार करावयास लावते ती पुढची हकीकत. स्वातंत्र्ययुद्धात शहराचा व्यापार बुडाला, यहुदी कुटुंबे पांगली, आणि १८२० नंतरच्या काळात दार बंद झाले. मालकी न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्राएल जमातीकडे गेली. नियमित प्रार्थना पुन्हा सुरू झाली ती १८८३ साली, पूर्व युरोपातून आलेल्या नव्या लोकांमुळे. पुढे २०१२ साली न्यूपोर्टच्या जमातीने खर्च भागविण्यासाठी मायर मायर्स ह्या नामवंत कारागिराने घडविलेले चांदीचे रिम्मोनीम बोस्टनच्या म्युझियमला ७४ लाख डॉलर्सना विकण्याचे ठरविले. न्यूयॉर्ककर कोर्टात गेले. २०१६ चा निकाल न्यूपोर्टच्या बाजूने, तर २०१७ चा अपिलातील निकाल न्यूयॉर्कच्या बाजूने लागला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. जे रोज प्रार्थना करतात ते हरले, आणि ज्यांच्याकडे जुने कागद होते ते जिंकले.

बर्कशायरमध्ये हॅनकॉक शेकर व्हिलेज आहे. शेकर पंथाचे लोक विवाह करीत नसत. बाहेरून येणाऱ्यांवर आणि सांभाळलेल्या अनाथ मुलांवर पंथ चाले. लोक घटत गेले, १९६० साली हॅनकॉकची वस्ती मिटली आणि तिचेच म्युझियम झाले. १८२६ चा दगडी गोल गोठा तर पाहातच राहावा. मध्ये गवत आणि भोवती गाईंची तोंडे, म्हणजे थोड्या हातांनी सर्वांना चारा! भिंतीवर खुंट्यांची रांग असते. खुर्च्या त्यांवर टांगल्या की जमीन कोपऱ्यापर्यंत झाडता येते. आमच्यातल्या नर्सला ह्याहून आनंद तो कोणता! शेकर लोक आजाऱ्यांसाठी मोठ्या माणसांचे पाळणेही करीत.

राबणारे हात इथे दिसतात, म्हणून आम्ही हॅनकॉकला हवेल्यांच्या वर स्थान देतो. फक्त एक उणीव जाणवते. खुर्चीच्या सुबकपणाची वाखाणणी इतकी होते की ती करणाऱ्यांची श्रद्धा मागे पडते. तीच माणसे भक्तीच्या भरात नाचत, थरथरत, आणि त्यांचे नाव पडले ते त्यावरूनच.

ग्रेलॉक हा मॅसॅच्युसेट्समधील सर्वांत उंच डोंगर, ३,४९१ फूट. माथेरानहून आठ-नऊशे फुटांनी अधिक. माथ्यापर्यंत मोटार जाते, पण हिवाळ्यात रस्ता बंद असतो. पानांचे रंग पाहावयास ऑक्टोबरात जावे. डोंगराबद्दल टीका करण्यासारखे काही नाही.

आता आपल्याविषयी. न्यूपोर्ट युद्धाने ओस पडले, हॅनकॉक संततीअभावी. आपली कोकणातील गावे आपण स्वतः सोडून आलो. अलिबागची मशीद उभी आहे, पण मिन्यान जमणे कठीण. कोचीनच्या एका सिनेगॉगचा अंतर्भाग तर १९९५ पासून यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. आपल्या वस्तूही पुढेमागे काचेआड जातील, आणि त्यात वाईट काही नाही. पण कागद नसेल तर नुसते 'भारतीय यहुद्यांचे ताट' एवढीच चिठ्ठी तिथे लागेल. कोणाचे, कोणत्या गावचे, त्यात मलिदा कोण कालवीत असे, हे कोण सांगणार?

म्हणून सहलीहून परतल्यावर घरातील ट्रंक उघडावी. किद्दुशचा पेला, हनुक्काचा दिवा, आजीचे मलिद्याचे ताट, एकेक बाहेर काढावे आणि मराठीत व इंग्रजीत चार ओळी लिहून वस्तूसोबत ठेवाव्यात. आपल्या आडनावांत गाव आहेच, त्याला माणसाचे नाव आणि साल तेवढे जोडावे. ज्यांना ही माहिती ठाऊक आहे ते वडीलधारे आज आपल्यात आहेत, तोवर हे काम उरकून घ्यावे.